विश्लेषण : पाचनईहून एका दिवसात हरिश्चंद्रगड… पण माघारी कधी फिरायचं?

पावसाचा जोर ओसरला की शनिवार-रविवारी अकोले तालुक्यातल्या पाचनई गावाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्या वाटांपैकी ही सगळ्यांत सोपी. मुक्कामाचं ओझं पाठीवर न घेता सकाळी चढायचं, देऊळ पाहायचं, कोकणकडा पाहायचा आणि दिवेलागणीच्या आत गावात परत यायचं, असा बहुतेकांचा बेत असतो. हे एका दिवसात होतं का, याचं उत्तर ‘हो’ असंच आहे. मात्र हा ‘हो’ कुठं संपतो, ते कळणं जास्त महत्त्वाचं. गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस एका मित्रासोबत हा गड केला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यानंतरची ही त्याची पहिली मोठी चढाई. त्यामुळे वेळेचा हिशेब आम्हाला नेहमीपेक्षा काटेकोर करावा लागला.

गड नेमका कुठं आहे?

अहिल्यानगर, पुणे आणि ठाणे या तीन जिल्ह्यांच्या सीमा जिथं जवळ येतात, तिथं माळशेज घाटाच्या शेजारी हा डोंगर पसरला आहे. उंची सुमारे १,४२४ मीटर. माथ्यावर तारामती, रोहिदास आणि हरिश्चंद्र अशी शिखरं. राजा, राणी आणि मुलगा असं अख्खं कुटुंबच डोंगरावर नांदतंय. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ मध्ये त्याची घोषणा झाली. त्यामुळे पाचनईत वन विभागाचं प्रवेशशुल्क भरून पुढं जायचं आणि आत अभयारण्याचे नियम पाळायचे. प्लास्टिक, मोठ्या आवाजातली गाणी, शेकोट्या याबाबतचे नियम हौशी मंडळींना जाचक वाटतात. पण जंगल आपल्या सहलीसाठी राखलेलं नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

दक्षिणेकडून खिरेश्वर गावातून टोलारखिंडीमार्गे येणारी वाट लांब आणि दमवणारी आहे. कोकणातल्या बेलपाड्याहून वर येणारी नळीची वाट तर सरावलेल्यांसाठीच. ती ‘एका दिवसात करून येऊ’ म्हणण्यातली नाही. इंटरनेटवर तिन्ही वाटांचे व्हिडिओ एकाखाली एक दिसतात आणि सगळ्यांवर ‘हरिश्चंद्रगड ट्रेक’ एवढंच लिहिलेलं असतं. वाटेचं नाव बघितल्याशिवाय कुणाचंही वर्णन आपल्याला लागू करू नका.

पाचनईची वाट कशी आहे?

गाव सोडलं की पहिला चढ दम काढतो. मग वाट एका प्रचंड कातळभिंतीच्या पोटाखालून आडवी जाते. वरचा खडक छपरासारखा पुढं आलेला. पावसाळ्यात त्याच्या कडेवरून पाण्याची झालर पडत असते आणि आपण तिच्या मागून चालत असतो. खाली ओढ्याची घळ. ही आडवी वाट संपते तिथं ओढा ओलांडायचा, अवघड जागी लावलेल्या रेलिंगचा आधार घ्यायचा आणि मग झाडीतून सावकाश वर सरकायचं.

सह्याद्रीच्या या पायऱ्या कुठून आल्या? दख्खनचं पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झालं. काही थर घट्ट, काही ठिसूळ. ठिसूळ थर पाण्यानं लवकर झिजतो आणि वरचा घट्ट थर छज्जासारखा पुढं राहतो. ज्या छपराखालून वाट जाते, ते बहुधा असंच घडलेलं. लेणी कोरणाऱ्यांनीही थर पारखूनच जागा निवडल्या असणार.

सप्टेंबरअखेर सोनकीनं पठार पिवळं झालेलं असतं, कडेला तेरडा. कारवी मात्र सात वर्षांतून एकदाच सामूहिक फुलते, त्यामुळे ‘यंदा कारवी आहे का’ हे गावात विचारूनच निघावं.

वरपर्यंत पोचायला किती वेळ धरायचा?

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक साधा ठोकताळा मांडला. साधारण पाच किलोमीटर अंतराला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे चार किलोमीटर चालायचं असेल आणि साडेचारशे मीटर चढायचं असेल, तर झाला दीड तास. जगभर हा ठोकताळा अजून वापरला जातो. पण त्यात फोटो नाहीत, पाणी प्यायला टेकणं नाही, शेवाळलेला कातळ नाही आणि शस्त्रक्रिया झालेला गुडघा तर नाहीच नाही.

सातला पाचनई सोडून आम्ही देवळापाशी पोचलो, तेव्हा नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. दोन तास चाळीस मिनिटं. हा आकडा मी फोनमध्ये लिहून ठेवला, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावरच करायचा होता.

तो हिशेब असा. त्या दिवसांत सूर्य साधारण साडेसहाच्या आधी काही मिनिटं मावळतो. आपण सहा पंचवीस धरू. गावात पोचायला सूर्यास्ताआधी एक तास राखून ठेवायचा, म्हणजे पाच पंचवीस. उतरायला चढण्याइतकाच वेळ धरायचा. दोन तास चाळीस मिनिटं वजा केली की देवळापासून निघायची वेळ येते पावणेतीन. कोकणकड्यावरून देवळापर्यंत यायला पाऊण तास, म्हणजे दोन. त्यात एखादा पाय मुरगळणं, पाऊस येणं, ओढ्याचं पाणी चढणं यासाठी एक तास शिल्लक ठेवायचा. हाती उरला दुपारी एक. कडा दिसो वा न दिसो, एकला पाठ फिरवायची.

‘उतरताना निम्मा वेळ लागतो’ असं सर्रास सांगितलं जातं. ओल्या बेसाल्टवर ते खरं नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत शरीराचं वजन पेलतात आणि गुडघ्यावर ताण जास्त येतो. दमलेला माणूस चढताना थांबतो, उतरताना मात्र घसरतो. छोटी पावलं, हातात काठी आणि खाली उडी मारायचा मोह टाळणं, एवढ्यावर बरंच निभावतं.

देवळापाशी किती थांबायचं?

इथं घाई करू नये, असं माझं मत. बरेच जण देवळाला नमस्कार करून कड्याकडे धावतात आणि या डोंगरावरची जुनी माणसांची खूण मागं टाकतात.

हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर घळीत खाली बसवल्यासारखं आहे, त्यामुळे आधी शिखर दिसतं आणि मग देऊळ. शेजारी कातळात कोरलेल्या खोल्या, पाण्याची टाकी, पूर्वेला सप्ततीर्थ पुष्करणी आणि तिच्या भिंतीतले कोनाडे. चांगदेवांनी इथं तप केलं आणि ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ रचला, अशी परंपरा आहे. मंदिराच्या परिसरात शिलालेखही आहेत. देवळाजवळून मंगळगंगा उगम पावते आणि पाचनईच्या बाजूला उतरते. सकाळी ओलांडलेला ओढा, छपरावरून पडणारं पाणी आणि देवळापाशी खळाळणारा झरा ही एकच साखळी आहे, हे इथं उभं राहिल्यावर ध्यानात येतं. वर जोराचा पाऊस पडला की परतीच्या वाटेवरचा ओढा का फुगतो, तेही. सकाळी घोटाभर असलेलं पाणी दुपारी गुडघाभर झालं, तर थांबायचं. अशा ओढ्यांचं पाणी पाऊस थांबल्यावर लवकर उतरतं. तो तास-दीड तास बसून काढायचा.

थोडं पुढं केदारेश्वराची लेणी. मोठं शिवलिंग, भोवती बर्फासारखं गार पाणी आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. तीन युगं संपली म्हणून तीन खांब पडले, चौथा पडला की कलियुगाचा शेवट, अशी कथा सांगतात. मित्र त्या खांबाकडे बघून म्हणाला, “माझा गुडघा त्याच्या आधी जाईल बहुतेक.” भर पावसात ओढ्याचं पाणी आत घुसतं तेव्हा लेण्यात शिरू नये. टाक्यातलं पाणी स्वच्छ दिसलं तरी उकळल्याशिवाय पिऊ नये.

तारामतीवर जायचं की कोकणकड्यावर, हा एका दिवसाच्या ट्रेकमधला नेहमीचा पेच. तारामतीवरून हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला कळसूबाईची रांग आणि दक्षिणेला पिंपळगाव जोग्याचा जलाशय दिसतो. दोन्ही करण्याइतका वेळ असेल तर उत्तमच. आम्ही कडा निवडला.

कोकणकड्यावर इंद्रवज्र खरंच दिसतं का?

दिसतं, पण नशिबापेक्षा भूमितीचा भाग त्यात जास्त आहे. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी हरिश्चंद्रगडावर पाहिलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद केली आणि ती १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. तेव्हापासून हा कडा आणि ते रंगीत वलय यांची जोडी जमली.

इंद्रवज्र दिसायला तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. सूर्य तुमच्या पाठीशी हवा, समोर खोल दरी हवी आणि त्या दरीत तुमच्या पायाखालच्या पातळीवर धुकं किंवा ढग हवा. धुक्यातले पाण्याचे बारीक थेंब प्रकाश पुन्हा उगमाच्या दिशेनं परतवतात आणि तुमच्या डोक्याच्या सावलीभोवती रंगांची कडी दिसते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या डोक्याभोवती दिसते. दोघांना एकमेकांचं वलय दिसत नाही.

कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणजे सूर्य पाठीशी असतो तो सकाळी. संध्याकाळी सूर्यास्त बघायला कड्यावर बसलेल्यांना इंद्रवज्र दिसण्याचा प्रश्नच येत नाही, कारण सूर्य तेव्हा समोर असतो. आणि सकाळीसुद्धा सूर्य जितका वर चढेल, तितकं वलय दरीत खाली सरकतं. अकरा वाजता ते बघायचं तर जवळजवळ पायाखाली वाकून बघावं लागतं. मुक्काम करणाऱ्यांना ते जास्त वेळा का दिसतं आणि पाचनईहून सकाळी निघालेल्यांना क्वचित का दिसतं, याचं कारण एवढंच आहे. पहाटे अंधारात निघून हे गणित जुळवायचा प्रयत्न काही जण करतात. वाट पाठ असलेला माणूस सोबत नसेल तर तो करू नये.

कड्याची दुसरी ख्याती वाऱ्याची. कडा नुसता सरळ नाही, तो आतल्या बाजूला खोलगट आहे. कोकणातून येणारा वारा या वाटीत शिरतो आणि त्याला वर जाण्याखेरीज मार्ग राहत नाही. खाली टाकलेलं पान म्हणूनच परत वर येतं. पानाऐवजी बाटलीची झाकणं टाकून बघणाऱ्यांचा कचरा मात्र सगळाच वर येत नाही.

धुक्यात कडा धोकादायक का ठरतो?

आमच्यासोबत गावातले एक मामा वाट दाखवायला होते. वय साठीच्या आसपास, पायात रबरी चप्पल. देवळापासून निघालो तेव्हा ऊन होतं. अर्ध्या वाटेवर धुकं आलं आणि दहा पावलांवरचा मित्र दिसेनासा झाला.

मामा थांबले. “आता माझ्या मागं मागं या. पुढं कुणी जायचं नाय.”

कोकणकड्याजवळचं पठार सपाट आहे. चढ-उतारानं तुम्हाला सावध करणारं काही नाही. जमीन चालू असते आणि मग ती नसते. मोकळ्या हवेत हे शंभर पावलांवरून कळतं, धुक्यात कळत नाही. मामांना मात्र कळत होतं. कसं, ते मी विचारलं. त्यांनी कानाकडे बोट दाखवलं. “वारा तोंडावर लागतोय तवर चालायचं. खालनं यायला लागला का थांबायचं.” वर सांगितलेली वाऱ्याची सगळी गोष्ट त्यांनी एका वाक्यात संपवली होती.

तेवढ्यात उजव्या हाताला बोलण्याचे आवाज आले. चार-पाच मुलं, एकाच्या हातात फोन, त्यावर नकाशा. “कडा इथंच दाखवतोय,” असं कुणीतरी म्हणालं आणि पावलं झपाझप पुढं गेली. मामा एवढ्या मोठ्यानं ओरडले की मीच दचकलो. “जागेवर बसा! खाली बसा!” मुलं बसली. दोन-तीन मिनिटांनी धुक्याला भोक पडलं तेव्हा सगळ्यांत पुढच्या मुलाच्या बुटापासून कडेपर्यंतचं अंतर दिसलं. मोटारसायकलच्या लांबीएवढंही ते नव्हतं. कुणी काही बोललं नाही. मग तो मुलगा बसल्या बसल्याच मागं सरकत आला.

फोनवरचा नकाशा खोटं बोलत नाही, पण त्याची अचूकता काही मीटरांची असते. चांगल्या स्थितीतही ठिपका चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवला जाऊ शकतो. रस्त्यावर त्यानं काही बिघडत नाही. इथं तेवढ्यात सगळं येतं. कड्याजवळ उभं राहून बघूच नये. पोटावर झोपून बघावं आणि सोबत्यानं पाय धरावेत. वारा, निसरडी माती आणि पाठीवरची सॅक या तिन्ही गोष्टी उभ्या माणसाचा तोल घालवतात.

अनुभव असला म्हणजे डोंगर सवलत देतो असंही नाही. जानेवारी २०२० मध्ये याच कोकणकड्याच्या परिसरात रॅपलिंगच्या मोहिमेदरम्यान ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा मृत्यू झाला. अनेक पिढ्यांना कडे-सुळक्यांची ओळख करून देणारा माणूस होता तो.

एक वाजला आणि कडा दिसला नाही, तर?

साडेअकरा ते एक आम्ही कड्यापासून बरंच मागं, एका खडकाच्या आडोशाला बसून राहिलो. गूळ-शेंगदाणे संपले. धुकं दोनदा विरळ झालं आणि पुन्हा दाट. पावणेएकला मित्र म्हणाला, “अरे, अजून अर्धा तास थांबू. दोन वर्षं मी या कड्याचे फोटो बघतोय.”

त्याचं म्हणणं मला समजत होतं. खाटेवर पडून ज्यानं फिजिओथेरपीचे महिने काढले, त्याच्यासाठी तो कडा म्हणजे नुसता देखावा नव्हता. मी त्याला फोनमधला हिशेब दाखवला. त्यातला शेवटचा एक तास त्याच्याच गुडघ्यासाठी राखलेला होता आणि तोच तो खर्च करायला निघाला होता. तो थोडा वेळ गप्प बसला. मग काठी उचलून म्हणाला, “चल. पण मामा, थंडीत परत यायचं आपल्याला.”

परतीची वेळ सकाळी, डोकं शांत असताना ठरवायची ती यासाठीच. कड्यापाशी बसल्यावर ‘अजून थोडं’ म्हणायला कारणं भरपूर सापडतात. आणि ती वेळ सगळ्यांना आधी सांगून ठेवायची, नाहीतर एकट्यानं पाठ फिरवणारा भित्रा ठरतो.

देवळाखालच्या उतारावर त्याचा गुडघा दुखायला लागला. शेवटच्या टप्प्यात आम्ही दर दहा मिनिटांनी थांबत होतो. पाचनईत पोचलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. राखीव तासातली बरीच मिनिटं वापरली गेली होती.

फोन कितपत कामाचा?

वाटेत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. रेंज शोधत राहिल्यानं बॅटरी लवकर उतरते, म्हणून चढतानाच फोन विमान मोडवर टाकावा. जीपीएसला रेंज लागत नाही. नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर तो चालतो. ११२ हा आपत्कालीन क्रमांक तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून लागू शकतो, पण कोणतंच नेटवर्क नसेल तर नाही. म्हणून घरी कुणालातरी तीन गोष्टी लिहून पाठवाव्यात : कोणत्या वाटेनं जाणार, सोबत कोण आहे, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. राज्यात गिर्यारोहकांच्या स्वयंसेवी बचाव पथकांचं जाळं आहे. पण प्रत्येक वेळी सगळ्यांत आधी धावतात ती पायथ्याच्या गावातली माणसं. पथक शहरातून पोचेपर्यंत तासन् तास जातात.

गावाला या दिवसातून काय मिळतं?

इथली वस्ती प्रामुख्यानं महादेव कोळी समाजाची. भात, नागली, वरई ही पावसावरची पिकं आणि उन्हाळ्यात हिरडा गोळा करणं हा जुना आधार. धो धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात या पट्ट्यातल्या गावांना पाणी पुरत नाही, कारण उतार तीव्र आणि खडक घट्ट. पाणी मुरण्याआधी वाहून जातं. ट्रेकर्सची गर्दी हे त्या मानानं नवं उत्पन्न. जेवण, चहा, गाडी लावायची जागा, वाटाड्या.

पण त्यातली अडचण शहरातून दिसत नाही. गर्दीचे शनिवार-रविवार येतात जुलै-ऑगस्टमध्ये, नेमकी तेव्हाच भाताची आवणी असते. थंडीतली गर्दी सुरू होते तेव्हा सोंगणी. म्हणजे चाळीस पाहुण्यांचं पिठलं-भाकरी करणारी बाई आणि चिखलात रोपं लावणारी बाई एकच. आम्ही जेवलो त्या घरच्या मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “पंधरा माणसांचं सांगत्यात अन् येत्यात सात. अन्न वाया जातं, वावरात बी जाणं होत नाय.” आगाऊ पैसे देऊन जेवण सांगितलं आणि आकडा बदलला तर सकाळीच कळवलं, तर त्यांचा एक दिवस वाचतो.

वाटाड्याचे पैसे निघण्याआधी ठरवावेत, उतरल्यावर घासाघीस करू नये. धुकं, पाऊस किंवा पहिलीच खेप यातलं एकही असेल तर वाटाड्या घ्यावाच. परतीला पाचनईतून संध्याकाळी वाहन मिळेल या भरवशावर राहू नये. स्वतःची गाडी नसेल तर राजूरपर्यंतच्या जीपचं सकाळीच बोलून ठेवावं. थंडीत, डिसेंबरमध्ये, सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा वरचा एकचा हिशेब अर्ध्या तासानं अलीकडे घ्यायचा. मित्रानं त्याच्या फोनमध्ये साडेबारा लिहून ठेवलं आहे.